खुलासा : ‘१५ लाख भरा, ऑस्ट्रेलियात उतरताच पीआर’

‘१५ लाख भरा, ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागातली कंपनी स्पॉन्सर करेल, उतरताच पीआर’ (म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना) असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यात स्पॉन्सरचं तेवढं खरं.

ग्रामीण भागातल्या कंपनीने स्पॉन्सर करायचा व्हिसा म्हणजे ४९४ क्रमांकाचा, नोव्हेंबर २०१९ पासूनचा. मुदत ५ वर्षं, आणि तो तात्पुरताच. किमान ३ वर्षं अटी पाळून काढलीत, की १९१ क्रमांकाच्या कायम व्हिसासाठी वेगळा अर्ज करायचा. तिथे त्या वर्षांचे आयकराचे कागद मागतात. पगार रोखीत घेत राहिलात तर गाडं तिथेच अडतं. शिवाय वय साधारणपणे ४५ च्या आत, ३ वर्षांचा अनुभव, कौशल्याची तपासणी, इंग्रजी, हे सगळं आहेच.

पैशांचं तर उलटंच आहे. नॉमिनेशनसोबतचा (म्हणजे मालक कामगाराचं नाव सुचवतो त्या अर्जासोबतचा) प्रशिक्षण निधी (उलाढालीनुसार ३,००० किंवा ५,००० डॉलर) मालकानेच भरायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं डिसेंबर २०१५ पासून बेकायदा आहे, आणि देणंही. देणाऱ्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो, हे एजंट कशाला सांगेल?

बाकी ‘ग्रामीण’ म्हणजे ओसाड माळरानच असं नाही. पर्थ, ॲडलेडही त्यात येतात. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन तेवढी वगळलेली.