मेणाचे मनसुबे

पुतणीचे लग्न ठरले आणि समारंभात एक छोटा कार्यक्रम ठेवण्यात आला. दोन्हीकडच्या आयांनी एकेक बारीक मेणबत्ती लावायची आणि त्या दोन ज्योतींवरून नवरानवरीने मिळून मधली मोठी मेणबत्ती पेटवायची. मोठ्या मेणबत्तीवर दोघांची नावे आणि लग्नाची तारीख असावी, अशी पुतणीची फार इच्छा होती. त्यावर चर्चा चालू असताना "त्यात काय, मी घरी करून देतो," हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघाले, आणि ते तोंड माझेच होते, हे सर्वांच्या माना माझ्याकडे वळल्यावर माझ्या लक्षात आले. "भाऊजी, नक्की ना?" असे वहिनींनी विचारले. पत्नीने काहीच विचारले नाही. तिने घरी गेल्यावर चांगली पातेली तेवढी वरच्या फळीवर हलवली.

पॅराफिन मेण साधारणपणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, परंतु ते थेट आचेवर ठेवायचे नसते. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवले, की पाणी काही १०० अंशांच्या वर जात नाही आणि मेण पेट घेण्याइतके तापत नाही. तरीही मेण पेटलेच, तर त्यावर पाणी कदापि ओतू नये, झाकण ठेवून ज्वाला कोंडावी, हे मी पत्नीला उत्साहाच्या भरात सांगून बसलो. परिणामी पुढचे सगळे प्रयोग, ढाल धरावी तसे झाकण हातात धरून दाराशी उभ्या राहिलेल्या पत्नीच्या साक्षीने पार पडले.

पहिली मेणबत्ती साच्याच्या बुडाशी असलेल्या, वात ओवायच्या भोकातून ओट्यावर निघून गेली. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. दुसरीत मी घरात असलेला पाण्यातला रंग घातला, तेव्हा तो मेणात न मिसळता तळाशी गुलाबी मण्यांसारखा घरंगळत राहिला. मेणाला तेलात विरघळणारा रंग लागतो, हे ज्ञान मला त्या मण्यांनी दिले.

तिसरी मात्र देखणी उतरली. मेण अधिक टणक आणि पांढरेशुभ्र व्हावे म्हणून मी त्यात थोडे स्टिअरिक आम्ल घातले होते, गुलाबाचा अर्क घातला होता, आणि साचा भरून मी समाधानाने झोपी गेलो. सकाळी पाहतो तो वातीभोवती बोट आत जाईल एवढा खड्डा! मेण थिजताना आकसते, बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि आकसण्याचा सारा भार मधल्या, अजून पातळ असलेल्या भागावर येतो. यावर उपाय असा, की अर्धवट थिजलेल्या मेणात वातीच्या कडेने काडीने भोके पाडायची आणि पुन्हा मेण ओतायचे, ते बसले की पुन्हा ओतायचे. मी रात्री अकरा, साडेबारा आणि दोनला असे गजर लावून तो खड्डा भरला. तान्ह्या मुलासाठीही मी इतक्या वेळा उठलो नव्हतो, असे पत्नीने झाकण खाली न ठेवता नमूद केले.

कांबासेरेस नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८२० च्या दशकात विणलेल्या वातीचा शोध लावला. ती जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन जळून जाते, आणि काजळी धरलेले टोक सारखे कात्रीने छाटत बसावे लागत नाही. असे असले तरी वात जाड निघाली तर धूर होतो आणि बारीक निघाली तर कडेचे मेण तसेच राहून मध्ये विहीर पडते. योग्य जाडीची वात मिळेपर्यंत मी चार नमुने जाळून पाहिले, आणि त्या चार संध्याकाळींत वातीने मला अक्षरशः वात आणला.

आता राहिली नावे. टिश्यू पेपरवर मजकूर छापून तो मेणबत्तीवर गुंडाळायचा आणि वरून हेअर ड्रायरची गरम हवा द्यायची. कागद मेण पितो, दिसेनासा होतो आणि अक्षरे जणू मेणातच उमटल्यासारखी राहतात. हे इतके सुरेख जमू लागले, की मी हवा जरा जास्तच वेळ दिली. नावे शाबूत राहिली, पण तारखेवरचे मेण ओघळले, कागद सुरकुतला आणि ११ मधल्या दुसऱ्या एकाला असा काही पीळ पडला, की त्याचा नऊ झाला. पुतणीने मेणबत्ती हातात घेतली, बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "काका, हॉल आपल्याला ११ तारखेचाच मिळालाय. १९ ला काय करणार?" मी पुन्हा गजर लावले.

समारंभाच्या दिवशी दोन्ही आयांच्या मेणबत्त्या झटकन लागल्या. मोठी मात्र लागेना, कारण कागद नीट बसावा म्हणून मी शेवटी मेणाचा जो हात फिरवला होता, त्यात वातीचे टोक गाडले गेले होते. नवरानवरी दोन ज्योती धरून वाकून उभे राहिले, नवऱ्याच्या बाहीवर मेणाचे थेंब पडले, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी "यांनी अगदीच उजेड पाडला" असे म्हटलेले मी स्वच्छ ऐकले. अखेर ज्योत धरली आणि लगेच तडतडली, कारण साच्यात मेण किती मावेल हे मोजायला मी पाणी भरले होते आणि त्यातला एखादा थेंब आत राहिला असावा. पाहुण्यांनी ती आतषबाजी समजून टाळ्या वाजवल्या.

साडेसात सेंटिमीटर रुंदीची मेणबत्ती पहिल्या खेपेला सुमारे तीन तास जळू द्यावी, म्हणजे वरचे मेण कडेपर्यंत सारखे वितळते, हे मी कोणाला सांगणार, तोच वहिनींनी चौथ्या मिनिटाला फुंकर मारली. "इतकी सुंदर आहे भाऊजी, जाळायची कशाला?" असे म्हणून त्यांनी ती कागदात गुंडाळली. रात्री जागून भरलेल्या त्या खड्ड्याच्या जागी नाण्याएवढा नवा खड्डा पडलेला मला तेवढ्यात दिसला.

माझ्या वाट्याला ते जुने पातेले आले आहे. किती वेळा उकळत्या पाण्याने धुतले तरी त्याचा गुलाबाचा वास जात नाही, आणि घरात त्याला आता सगळे 'लग्नाचे पातेले' म्हणतात.