व्हॉल्व्ह रेडिओची पाठ बंद करू नका

‘जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा आवाज घुमवायचाय? मागची बाजू प्लायवूडने बंद करा, आत कापूस भरा, स्पीकरच्या कोनवर (कागदी शंकूवर) गोंदाचा हात फिरवा. जुनं लाकूड आवाज आपोआप गोड करतं.’ हा संदेश चार जणांनी पाठवला, मी सोडून दिला. पण मामांनी खरंच तसं करून टाकलं. आता गप्प बसवत नाही.

आधी कापूस, कारण त्याने घर पेटू शकतं. मागच्या हार्डबोर्डला भोकं असतात ती व्हॉल्व्हची, म्हणजे आतल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांची, धग बाहेर जावी म्हणून. मामांच्या रेडिओची प्लाय काढली तर एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला टेकलेला कापूस तपकिरी झाला होता. बोटात धरला तर चुरा होत होता! वर त्याचे तंतू व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत शिरतात ते वेगळंच.

बरं, आवाज तरी सुधारतो का? पाठ उघडी असली की खर्ज कमी पडतो, हे मान्य. १०० हर्ट्झची लहर सुमारे ३.४ मीटर लांब. कॅबिनेट जेमतेम अर्धा मीटर. कोनमागची लहर वळसा घालून पुढे येते आणि पुढचीला मारते. पण पाठ बंद केली की कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला रेटते आणि त्याचा अनुनाद, म्हणजे ज्या सुरावर तो सर्वात जास्त थरथरतो तो सूर, वर सरकतो. कागदी घड्यांची कडा आधीच ताठ, त्यात ही भर. घुमतं ते मधलंच काहीतरी, खर्ज नव्हे.

गोंदाचं तर विचारूच नका. राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली आपल्या स्पीकरवर निबंध लिहिला, त्यातच हे आहे: कोन मऊ कडेवर टांगा, अनुनाद खाली ठेवा, भोवती बॅफल (पुढची-मागची लहर वेगळी ठेवणारी फळी) द्या. गोंद नेमकं उलटं करतो. कोन जड झाला की वरचे सूर दबतात, कडा ताठरली की खर्ज जातो. कोन फाटला असेल तर टिश्यू कागद आणि पाणी घातलेला पांढरा गोंद, फाटीपुरताच.

लाकडाच्या पातळ फळ्या थरथरतात आणि आवाजाला रंग देतात, एवढं खरं. आपोआप मात्र काही होत नाही. उलट वयाने कागद कडक होतो, कपॅसिटरमधून (वीज साठवणाऱ्या भागांतून) वीज गळू लागते.

मामांच्या कोनच्या घड्या आता नखाने टकटक वाजतात. दुसरा स्पीकर सरळ बसवताही येत नाही, कारण यात कायम चुंबकाऐवजी फील्ड कॉइल (विजेने चुंबक होणारी गुंडाळी) आहे आणि तीच पॉवर सप्लायचा चोक (विजेतला गुणगुणाट गाळणारी गुंडाळी) आहे. त्यामुळे मूळ स्पीकर ठेवून फक्त कोन बदलून घेतोय.