हौशींच्या स्पर्धेत कसलेले खेळाडू कशाला?
‘हौशी खेळाडूंसाठी’ म्हणून जाहीर झालेल्या नाइन-बॉल पूलच्या (टेबलावर काठीने चेंडू खिशांत पाडण्याच्या खेळाच्या) स्पर्धेत राज्य पातळीवर खेळलेल्यांचे अर्ज बिनदिक्कत स्वीकारले जातात, याचा मला आता मनस्वी संताप येतो. फ्रेम म्हणजे एक डाव जिंकणाऱ्यालाच पुढचा ब्रेक, म्हणजे डाव सुरू करणारा पहिला फटका, मिळत असल्यामुळे असा तरबेज खेळाडू एकामागून एक फ्रेम साफ करत जातो आणि नोकरी सांभाळून महिनाभर सराव केलेला, तेवढेच प्रवेश शुल्क भरलेला माणूस क्यू (खेळायची काठी) हातात धरून खुर्चीवर बसून राहतो. गेल्या सामन्यात माझ्या वाट्याला अवघे ४ फटके आले, आणि त्यांतही दोनदा पांढरा चेंडू मुद्दाम दुसऱ्या चेंडूंआड लपवलेला होता. कसलेल्याने ७ फ्रेम जिंकायच्या आणि नवख्याने ४, अशी हँडिकॅपची साधी सोय आयोजक का करत नाहीत? निदान ब्रेक तरी आळीपाळीने द्यावा.