कबुली दिली, मग खटला कशाला?

एखादा भयंकर गुन्हा घडला की चार दिवसांत तोच मजकूर मोबाइलवर फिरू लागतो : 'आरोपीने पोलिसांसमोर गुन्हा कबूल केलाय. मग खटला कशाला, त्याला वकील कशाला? कोर्ट तारखा देत बसणार आणि शेवटी पुराव्याअभावी सोडून देणार.' हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा संताप खरा असतो, म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

आधी कबुली. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्या सर्वसाधारण कायद्यात आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. कोठडीत कबुली कशी निघते हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होतं. हा नियम सैल केल्यावर काय झालं तेही आपण पाहिलंय. 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली. २००२ च्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात अशा कबुल्यांच्या आधारावर सहा जण दोषी ठरले, त्यातल्या तिघांना फाशी सुनावली गेली. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कबुली पुरेशी मानून आधीच फास आवळला असता, तर त्या तिघांना सोडायचं कसं?

खरोखर कबुली द्यायची असेल त्याला वाट मोकळी आहे. दंडाधिकाऱ्यांसमोर जायचं. ते आधी बजावतात की कबुली देण्याचं बंधन तुझ्यावर नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. नको म्हणाला तर त्याला परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही.

पोलिसांसमोरच्या बोलण्यातला एक तुकडा मात्र कोर्टात चालतो, ज्यामुळे एखादी वस्तू सापडली तेवढाच. 'मी कोयत्याने मारलं, कोयता झुडपात लपवलाय, काढून देतो' असं आरोपी म्हणाला, तर 'मारलं' गळतं आणि 'लपवलेला कोयता काढून देतो' उरतं. मग साक्षीला घेतलेले दोन पंच, जीप, ते झुडूप. कोयता कागदात गुंडाळला जातो, लाखेचं सील लागतं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटते. काही वर्षांनी ते पुडकं कोर्टात उघडतात तेव्हा बचावाचा वकील विचारतो : झुडपाकडे जाताना पुढे कोण होतं, आरोपी की पोलीस? तिथे कुणालाही जाता येत होतं का? सही कुठे केलीत? पंच चाचरतो आणि म्हणतो, 'मला ठाण्यात बोलावून सही घेतली.' तिथेच त्या कोयत्याचं वजन संपतं. आरोपी पुढे सुटला तर लोक न्यायाधीशांवर पैसे खाल्ल्याचा आरोप करतात. खरं तर पंचनामा ठाण्यात बसून लिहिणाऱ्याने तो सोडवलेला असतो. शिवाय सुटकेविरुद्ध सरकारला वर अपील करता येतं.

आता वकील. '२६/११'च्या खटल्यात कसाबलाही सरकारी खर्चाने वकील मिळाला, तेव्हा पुष्कळांना राग आला होता. जुलै २००९ मध्ये, ऐन खटल्यात, त्याने न्यायाधीशांसमोर गुन्हा कबूल केला. तरी न्यायाधीशांनी साक्षी-पुरावे थांबवले नाहीत आणि ते फार शहाणपणाचं ठरलं, कारण पुढे त्याने ती कबुली फिरवली. साक्षी नोंदवलेल्या होत्या, त्यामुळे त्याच्या फिरण्याने काही बिघडलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये फाशी कायम केली. त्याच खटल्यातले दोन भारतीय सहआरोपी मात्र तिन्ही कोर्टांत सुटले. इतक्या प्रक्षोभातही कोर्टाने प्रत्येकाचा पुरावा वेगळा तोलला, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

तारखांची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचाय. विलंबाचा मार फिर्यादीइतकाच त्यांनाही बसतो. यावर ओरड करायचीच असेल तर न्यायाधीशांची रिकामी पदं भरा म्हणून करा, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे अहवाल वेळेत द्या म्हणून करा. कितीदा तरी तारीख पडते ती एवढ्याचसाठी की साक्षीदाराला समन्स पोहोचलेलंच नसतं.