'पासपोर्ट आणि हेवी लायसन्स बस, बाकी कंपनी बघते': हे खरं नाही

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. लायसन्स रिन्यूअल, पासपोर्ट, परमिट ही रोजची कामं. गेल्या महिनाभरात सात-आठ ड्रायव्हरांनी मला एकच मेसेज दाखवला: "जर्मनी, पोलंड, दुबई. हेवी ड्रायव्हर पाहिजेत. पासपोर्ट आणि इंडियन हेवी लायसन्स बस. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, पोचल्या पोचल्या गाडी हातात. व्हिजिट व्हिसावर निघा, वर्क परमिट कंपनी तिकडे करून देते. ओरिजिनल कागदपत्रं आणि दीड लाख ॲडव्हान्स जमा करा." चाकणच्या कंटेनर लाइनवरही हाच फिरतोय. ज्यांच्यासाठी तो लिहिलाय त्यांची घरं मला माहीत आहेत, म्हणून एकेक वाक्य धरून उत्तर देतो.

आधी परमिट. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट खरंच आरटीओत मिळतं आणि एक वर्ष चालतं. पण ते पाहुण्यासाठी आहे, नोकरीसाठी तिथे राहणाऱ्यासाठी नाही. दुबईत रेसिडेन्स व्हिसा लागला की आपलं लायसन्सही चालत नाही आणि परमिटही नाही. तिथली हेवीची टेस्ट पास होऊन तिथलंच लायसन्स काढावं लागतं. जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिने आपलं लायसन्स चालतं. मग लेखी आणि गाडीवरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

त्यातही युरोपात ट्रकवर पगारी नोकरी करायची तर नुसतं लायसन्स पुरत नाही. धंद्यासाठी गाडी चालवायची वेगळी पात्रता लागते, तिला सगळे 'कोड ९५' म्हणतात. तिचा झटपट कोर्स १४० तासांचा, पूर्ण कोर्स २८० तासांचा, आणि पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांचं ट्रेनिंग. शिवाय टॅकोग्राफमध्ये, म्हणजे गाडी चालवण्याची वेळ नोंदवणाऱ्या यंत्रात, घालायचं स्वतःच्या नावाचं ड्रायव्हर कार्ड लागतं. किती तास चालवलं, किती विश्रांती घेतली, सगळं त्यावर उतरतं. युरोपीय कंपनीची गाडी घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात जायचं असेल, तर आपल्यासारख्या बाहेरच्या ड्रायव्हरसाठी 'ड्रायव्हर अटेस्टेशन' हवं, म्हणजे ड्रायव्हर कायदेशीर नोकरीत आहे असं सर्टिफिकेट. ते मात्र कंपनीनेच काढायचं असतं. एवढं सगळं होईपर्यंत गाडी हातात येत नाही. म्हणून एजंटला एकच विचारा: कोड ९५ चा कोर्स कोणत्या भाषेत, कुणाच्या खर्चाने, आणि तोवर पगार किती? जो हे लेखी देत नाही, त्याच्याकडे नोकरीच नाही असं मी तरी धरतो.

"व्हिजिट व्हिसावर निघा" हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, आणि पकडला जातो तो ड्रायव्हर, एजंट नाही. हे वाक्य त्यात का घातलंय, तेही सांगतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर बहुतेक वेळा 'ईसीआर' असतं, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा शेरा. २०१९ पासून हेवी लायसन्सला आठवीचीही अट राहिली नाही, त्यामुळे आपल्या लाइनीत असे पासपोर्ट भरपूर. आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर अशा माणसाला ई-मायग्रेट पोर्टलवरून सरकारी क्लिअरन्स घ्यावा लागतो. तिथे करार, पगार, मालकाचं नाव सगळं नोंदलं जातं, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही निघतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. व्हिजिट व्हिसाने गेलात की यातलं काहीही होत नाही. म्हणजे तिकडे ट्रक उलटला तर घरच्यांनी कुठला करार दाखवायचा आणि कुणाकडे जायचं?

दहावी झालेल्यांनी आपला पासपोर्ट आत्ता काढून बघा. फॉर्म भरणाऱ्याने दहावीचं सर्टिफिकेट लावलंच नाही म्हणून ईसीआर आलेले पासपोर्ट माझ्या टेबलावर येतात. सर्टिफिकेट जोडून री-इश्यूला टाकला की ते निघतं.

आता पैसे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटला सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. नोंदणी आहे का, हे ई-मायग्रेटवर कुणालाही फुकट बघता येतं. दीड लाख ॲडव्हान्स कशाचा? आणि ओरिजिनल पासपोर्ट तर कुणाकडेच ठेवायचा नाही. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, एजंटने तारण म्हणून कपाटात ठेवायची वस्तू नाही.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि माणसं अडकतात ती तिथेच. पासपोर्ट, लायसन्स, आधार, दहावीचा दाखला यांवरचं नाव अक्षर न अक्षर जुळावं लागतं. परवा एकाचे कागद टेबलावर पसरले. नाव ज्ञानेश्वर. लायसन्सवर इंग्रजीत 'डी-एन-वाय' ने सुरू, पासपोर्टवर 'जी-वाय' ने. एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचं नावच नाही. आपल्याला वाचून कळतं की माणूस एकच आहे. परक्या देशातल्या क्लार्कला ती दोन माणसं दिसतात. बावीस वर्षं गाडी चालवलीय त्याने, पण मालकाच्या लेटरहेडवर अनुभवाचं एक पत्र नाही, पगार कायम रोखीत.

त्याला आम्ही यादी करून दिली. सारथीवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर, आधी नावाची दुरुस्ती, मग लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे आरटीओच्या नोंदीचा उतारा. पासपोर्ट सेवेतून पोलिस क्लिअरन्स, पण तो करार हातात आल्यावरच, उगाच आधी काढून जुना करायचा नाही. मालकाकडून अनुभवाचं पत्र, त्यात कोणती गाडी, किती टनांची, कधीपासून कधीपर्यंत. दुरुस्तीचा अर्ज त्याने तिथेच बसून भरला. दीड लाख अजून त्याच्या बायकोच्या खात्यात आहेत.