आर्मीची १९४४ ची टीम नुसत्या शिस्तीवर जिंकली, हे खरं नाही

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, पालकांच्या ग्रुपवर, क्रीडा शिक्षकांच्या ग्रुपवर, एका ठिकाणी तर प्रिंट काढून भिंतीवर लावलेला बघितला. मेसेज थोडक्यात असा: दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट मिलिटरी अकादमीची फुटबॉल टीम, जिला तिकडे सरळ आर्मी म्हणतात, १९४४ चा अख्खा सीझन एकही मॅच न हरता खेळली. सतत हरणारी ही टीम केवळ शिस्तीच्या जोरावर अजिंक्य झाली, स्टार कोणीच नव्हता, सगळे साधे कॅडेट, समोर देशातल्या सगळ्यात तगड्या टीम्स, पॅसिफिकमधल्या अमेरिकन फौजांचे सेनापती जनरल मॅकआर्थर यांनी त्यांच्यासाठी युद्ध थांबवलं, आणि सीझन संपल्यावर हीच पोरं मैदानावरून थेट आघाडीवर गेली. आणि शेवटची ओळ, आजच्या पोरांना यातलं एक टक्का तरी जमेल का.

ती शेवटची ओळ मला फार लागते, कारण हा मेसेज वाचून झापणी खाणारी पोरं मी रोज मैदानावर बघतो आणि त्यांना ज्या गोष्टीवरून झापलं जातंय ती गोष्टच अर्धवट सांगितलेली आहे.

आधी खरं ते मान्य करू. (हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो, टचडाऊनला ६ पॉइंट, म्हणून स्कोअर एवढे मोठे दिसतात.) ९ मॅच, ९ विजय, आर्मीचे एकूण ५०४ पॉइंट आणि समोरच्या सगळ्यांचे मिळून ३५. नोत्र दाम, पेन, विलानोव्हा या कॉलेजांच्या टीम्सना हरवलं ते अनुक्रमे ५९-०, ६२-७ आणि ८३-० ने. कोच अर्ल ब्लाइक, ज्यांना सगळे रेड ब्लाइक म्हणायचे, ते खरंच मोठे कोच होते. टीम जबरदस्त होती याबद्दल माझा वाद नाहीच, वाद आहे तो कारणाबद्दल.

"शिस्तीने हरणारी टीम अजिंक्य झाली"

आर्मी आधी हरत होती हे बरोबर आहे. १९४० मध्ये १ जिंकली, ७ हरले, १ बरोबरीत. नेव्हीकडून, म्हणजे नौदलाच्या अकादमीच्या टीमकडून, तर १९३९ पासून १९४३ पर्यंत सलग पाच वर्षं हरले. पण ब्लाइक आले १९४१ ला. म्हणजे १९४३ साली तेच कोच, तीच अकादमी, तोच पहाटेचा बिगुल, तीच परेड, आणि तरी नोत्र दामने त्यांना २६-० ने धुतलं आणि नेव्हीने १३-० ने. शिस्त १९४३ ला कमी होती आणि १९४४ ला अचानक वाढली असं तर कोणी म्हणणार नाही ना? मग एका वर्षात बदललं काय, तर माणसं बदलली, आर्मीकडची पण आणि समोरच्यांची पण, आणि ती का बदलली ते समजून घ्यायचं तर युद्धकाळात अमेरिकन कॉलेजात पोरं कशी वाटली गेली ते बघावं लागतं.

अठरा वर्षांचा पोरगा कॉलेजला असो की शेतावर, त्याला लष्कराचं बोलावणं येणारच होतं. पण अधिकारी पण तयार करायचे होते, म्हणून नेव्हीने (इथे टीम नाही, खुद्द अमेरिकन नौदल) १ जुलै १९४३ ला व्ही-१२ नावाचा कार्यक्रम सुरू केला, १३१ कॉलेजांमध्ये, ज्यात नेव्ही आणि मरीन्सचे (किनाऱ्यावर उतरून लढणारं अमेरिकन दल) प्रशिक्षणार्थी युनिफॉर्म घालून कॉलेजात शिकायचे. आणि या पोरांना कॉलेजच्या टीममधून खेळायची परवानगी होती. लष्कराचा स्वतःचा असाच कार्यक्रम होता, पण त्यातल्या पोरांना कॉलेजसाठी खेळायला मनाई. एवढा एक नियम! ज्या कॉलेजात नेव्हीची पोरं आली तिथे टीम उभी राहिली, जिथे फक्त लष्कराची आली तिथे कोचच्या हातात राहिले ते वयाने लहान किंवा मेडिकलमध्ये नापास झालेले. १९४३ ला अलाबामा, टेनेसी, ऑबर्न, फ्लोरिडा यांनी टीमच उतरवली नाही. स्टॅनफर्डने १९४३ ते १९४५ फुटबॉल बंद ठेवला.

आता ही दोन उदाहरणं बघा, मेसेज पाठवणाऱ्यांनी तर नक्की बघा. पर्ड्यू युनिव्हर्सिटी, १९४२ ला १ विजय ८ पराभव, आणि १९४३ ला ९-०, अजिंक्य. कोच दोन्ही वर्षी तेच, एल्मर बर्नहॅम. विस्कॉन्सिन, १९४२ ला ८ जिंकले, १ हरले, १ बरोबरी, देशात तिसरा नंबर, आणि १९४३ ला १ विजय ९ पराभव. तिथेही कोच बदलले नव्हते. झालं काय, तर इलिनॉयचे अ‍ॅलेक्स अगासी आणि टोनी बुटकोविच मरीन्सचे प्रशिक्षणार्थी म्हणून पर्ड्यूला पाठवले गेले, आणि विस्कॉन्सिनचा एलरॉय हर्श मिशिगनला. आदल्या वर्षी ज्या कॉलेजसाठी जीव तोडून खेळले त्याच्याच विरुद्ध पुढच्या वर्षी उभे, कारण ऑर्डर तशी आली. यात विस्कॉन्सिनच्या उरलेल्या पोरांची शिस्त कुठे कमी पडली ते मला कोणीतरी दाखवून द्या.

आपल्याकडे पण हे झालंय, जुन्या क्रिकेटवाल्यांना आठवत असेल, डेनिस कॉम्प्टन लष्करी सेवेत महूला होता म्हणून होळकरकडून रणजी खेळला आणि मार्च १९४५ च्या मुंबईतल्या फायनलला नाबाद २४९ काढले, तरी मुंबई जिंकली. इंग्लंडचा टेस्ट बॅट्समन होळकरच्या टीममध्ये! ते होळकरच्या शिस्तीमुळे आलं असं कोणी म्हणत नाही, युद्धामुळे आलं.

"स्टार कोणी नव्हता, सगळे साधे कॅडेट"

हे तर सपशेल चूक. त्या टीममध्ये डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस होते. ब्लँचर्डला १९४५ ची हाइझमन ट्रॉफी मिळाली, डेव्हिसला १९४६ ची, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू सलग दोन वर्षं याच टीमचा. १९४४ च्या मतदानात सुद्धा ओहायो स्टेटच्या लेस हॉरवाथनंतर दुसरा डेव्हिस, तिसरा ब्लँचर्ड. डेव्हिसने त्या एका सीझनला २० टचडाऊन केले.

आणि ब्लँचर्ड काही वेस्ट पॉइंटवर घडलेला नव्हता. तो आधी नॉर्थ कॅरोलायनाला होता, १९४३ ला सैन्यात भरती झाला, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात वेस्ट पॉइंटला आला. सीझनची पहिली मॅच कोणाशी होती माहितीये? नॉर्थ कॅरोलायनाशी. आर्मी ४६-० ने जिंकली. बार्नी पूल तर १९४२ ला मिसिसिपीकडून खेळला, १९४३ ला व्ही-१२ मधून नॉर्थ कॅरोलायनाकडून, आणि १९४४ ला आर्मीकडून. नेव्ही अकादमी पण मागे नव्हती, अलाबामाचा नावाजलेला टॅकल (पुढच्या फळीतला खेळाडू) डॉन व्हिटमायर अलाबामाची टीम बंद पडली त्या वर्षी नेव्हीकडून खेळत होता. देशभरातले तयार, धडधाकट, आधी मोठ्या मैदानावर खेळलेले पोरगे या दोन अकादम्यांत येत होते, आणि इथे आलेला कॅडेट शिक्षण संपेपर्यंत इथेच राहणार, त्याला सीझनच्या मध्येच उचलून नेणार नाहीत, ही खात्री त्या वेळी दुसऱ्या कुठल्याच कॉलेजच्या कोचला नव्हती. माझ्या मते अख्ख्या सीझनची किल्ली इथे आहे. ब्लाइक दोन पूर्ण टीम्स आलटून पालटून उतरवायचे, एक दमली की दुसरी ताजी. बाकीच्यांना एक टीम जमवताना नाकी नऊ.

डेव्हिसबद्दल एक गोष्ट मला फार आवडते ती इथेच सांगतो, हा पोरगा १९४३ ला आला आणि गणितात नापास झाला, अकादमी सोडावी लागली, गणिताची तयारी करून परत आला आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू केलं. पोरांना सांगायचंच असेल तर हे सांगा ना! नापास झालेल्याला परत दार उघडलं म्हणून तो डेव्हिस झाला.

"समोर देशातल्या सगळ्यात तगड्या टीम्स"

नोत्र दामचं नाव मोठं, पण १९४४ ला तिथे कोण होतं ते बघा. त्यांचा कोच फ्रँक लेही नेव्हीत गेलेला, त्यांच्या जागी एड मॅकीव्हर. १९४३ चा हाइझमन विजेता अँजेलो बर्टेली त्याच सीझनच्या मध्यावर, सहा मॅचनंतर, मरीन्समध्ये गेला होता. त्याच्या जागी येऊन ज्याने १९४३ ला आर्मीला २६-० हरवलं तो जॉनी लुजॅक, तोही नेव्हीत. उरलेली पोरं बरीचशी कोवळी, आणि तरी ती सीझन ८ विजय, २ पराभवांनी संपवून गेली, कौतुक त्यांचंही करा. कोस्ट गार्ड अकादमीला ७६-० हरवणं आणि विलानोव्हाला ८३-० हरवणं याला मी तरी पराक्रम म्हणणार नाही.

खरी टक्कर दोनच ठिकाणी झाली असं स्कोअर सांगतात, ड्यूक २७-७ आणि नेव्ही २३-७. ड्यूकमध्ये व्ही-१२ ची पोरं होती आणि नेव्ही ही दुसरी अकादमी, जिच्याकडे आर्मीसारखीच टिकून राहणारी माणसं होती. त्या वर्षीच्या शेवटच्या रँकिंगमध्ये पहिल्या पाचात आर्मी, ओहायो स्टेट, रँडॉल्फ फील्ड, नेव्ही, बेनब्रिज. यातलं सिव्हिलियन कॉलेज एकच, ओहायो स्टेट! रँडॉल्फ फील्ड म्हणजे टेक्सासचा विमानदलाचा तळ, बेनब्रिज म्हणजे नेव्हीचं ट्रेनिंग सेंटर. यादी वाचली तरी कळतं की त्या वर्षी खेळाडू कोणाच्या ताब्यात होते. आणि ओहायो स्टेट व रँडॉल्फ फील्ड पण अजिंक्यच होत्या, मेसेजमध्ये त्यांचा उल्लेख नाही.

"मॅकआर्थरने युद्ध थांबवलं"

तार खरी आहे. २ डिसेंबर १९४४ ला बाल्टिमोरला नेव्हीला हरवल्यावर मॅकआर्थरने ब्लाइकना तार केली, आर्मीच्या आजवरच्या सगळ्या टीम्समध्ये ही सर्वश्रेष्ठ, तुमचं यश साजरं करायला आम्ही युद्ध थांबवलंय, अशा अर्थाची. मॅकआर्थर १९१९ ते १९२२ वेस्ट पॉइंटचे प्रमुख होते, फुटबॉलवेडे होते, आनंदाच्या भरात लिहिलेलं वाक्य आहे ते. पण फिलिपाईन्समध्ये लेटे बेटावर तेव्हा लढाई चालूच होती, पाच दिवसांनी ७ डिसेंबरला अमेरिकन ७७ वी डिव्हिजन त्याच बेटावर ऑर्मॉकजवळ उतरली. तारेतलं वाक्य शब्दशः खरं मानून पुढे पाठवायचं म्हणजे त्या आठवड्यात तिथे चिखलात मेलेल्यांना पुसून टाकायचं. त्या मॅचचं सांगण्यासारखं दुसरं आहे, तिकिटं युद्धरोख्यांशी जोडली होती आणि त्यातून ५ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त रोखे विकले गेले.

"मैदानावरून थेट आघाडीवर"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. ब्लँचर्ड आणि डेव्हिस पदवीधर झाले १९४७ ला, युद्ध १९४५ ला संपलेलं. वेस्ट पॉइंटचा कोर्स युद्धामुळे चारऐवजी तीन वर्षांचा केला होता, तरी १९४५ ची बॅच जूनमध्ये बाहेर पडली, तोवर युरोपातलं युद्ध संपलं होतं. यात त्यांचा काही दोष नाही, त्यांना जिथे ठेवलं तिथे ते होते.

थेट गेले ते दुसरे. पर्ड्यूला ९-० करून देणारा टोनी बुटकोविच एप्रिल १९४५ ला जपानच्या ओकिनावा बेटावर मारला गेला. विस्कॉन्सिनच्या १९४२ च्या टीमचा डेव्ह श्रायनर, त्या वर्षीचा ऑल-अमेरिकन (देशातल्या निवडक सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी), जून १९४५ ला ओकिनावावरच गेला, त्याच टीमचा बॉब बाउमन पण तिथेच. अँजेलो बर्टेली इवो जिमा या जपानी बेटावर लढला आणि जिवंत परतला. १९३९ चा हाइझमन विजेता, आयोवाचा नाइल किनिक, जून १९४३ ला नेव्हीच्या प्रशिक्षण उड्डाणात समुद्रात पडला. यातलं एकही नाव त्या मेसेजमध्ये नाही, कारण यांच्या टीम्स १९४४ ला अजिंक्य नव्हत्या, काही तर नीट उरल्याही नव्हत्या.

ब्लँचर्डच्या धैर्याबद्दल लिहायचंच असेल तर ते पुढचं आहे, तो विमानदलात पायलट झाला, १९५९ ला इंग्लंडमध्ये पेटलेलं विमान वस्तीवर पडू नये म्हणून उडी न मारता उतरवलं, आणि व्हिएतनाममध्ये लढाऊ उड्डाणं केली. ते पाठवा, तारखांसकट पाठवा, आणि शेवटची ती आजच्या पोरांवरची ओळ काढून पाठवा.