मागची पंगत

काल सकाळी आमच्या गोल्फ कोर्सच्या सातव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, मी न बुजवलेले अकरा खळगे मोजले. बॉल उंचावरून येऊन मऊ ग्रीनवर आपटला की खळगा पडतो, त्याला पिच मार्क म्हणतात. पाऊस नुकताच उघडलाय, जमीन अजून ओली आहे, त्यामुळे खळगेही खोल होते. एकदोन तर अंगठ्याचं पेर आत जाईल एवढे. मागे कुणी येत नव्हतं म्हणून मी आणि मामांनी बसून ते सगळे बुजवले. त्यातला एक माझा होता. बाकीचे दहा ज्यांचे होते ते ग्रीनवर आले, पट केला (बॉल हळूच ढकलून होलमध्ये घातला), होलमधून बॉल काढला आणि पुढच्या टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे, निघून गेले. कालपासून हे लिहायचं मनात घोळतंय.

मामा म्हणजे माझे कॅडी. वय साठीच्या पुढे. आमच्या पुण्यातल्या या कोर्सवर ते पोरवयापासून बॅगा उचलतायत. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात धरला, त्याला आता नऊ वर्षं झाली. हँडिकॅप (खेळाच्या मानानं मिळणारी फटक्यांची सवलत) २४, म्हणजे अगदी साधी हौशी खेळाडू. पिच मार्क कसा बुजवायचा हे मामांनी मला शिकवलं तेव्हा माझा स्विंगही धड बसला नव्हता. दोन दातांचा छोटा काटा असतो. बहुतेक जण तो खळग्यात खुपसतात आणि खालून माती वर उचकटतात. मामांनी माझा हात धरून थांबवलं होतं. "ताई, उचकटलं की मुळं तुटतात. कडेला खुपसा आणि कडेचं गवत मधे ढकला. चारी बाजूंनी. मग पटरनं हळूच थोपटा." लगेच असं केलं तर एकदोन दिवसांत तिथलं गवत सारखं होतं. तसंच सोडलं तर मधलं गवत मरतं, आणि ती जागा भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस मागून येणाऱ्या प्रत्येकाचा बॉल त्या खड्ड्यावरून उडतो.

मी वाईजवळच्या एका गावात वाढले. आमच्याकडे जत्रेला भंडारा असायचा आणि दुपारी बारापासून चार-साडेचारपर्यंत पंगतींवर पंगती उठायच्या. आजीची शिस्त कडक होती. शेजारच्याचं जेवण होईपर्यंत उठायचं नाही. उठताना आपली पत्रावळ आपण उचलायची, सांडलेलं शीत न् शीत वेचायचं. आणि पोट भरल्यावर गप्पा मारत बसून राहायचं नाही, कारण मागची पंगत ताटकळत उभी आहे. गोल्फचे एटिकेट्स मला कुणी पहिल्यांदा समजावून सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती पंगतच उभी राहिली. सगळं तेच आहे. आपण उठल्यावर त्या जागेवर दुसरं कुणीतरी बसणार आहे.

हे कुठल्या तरी क्लबच्या नोटीस बोर्डापुरतं नाही, खेळाच्या नियमांतच लिहिलेलं आहे. पूर्वी नियमपुस्तिकेच्या सुरुवातीला एटिकेट्सचा वेगळा भाग असायचा. २०१९ मध्ये नियमांची नव्यानं मांडणी झाली आणि तो आशय नियम १.२ मध्ये आला. प्रामाणिकपणे खेळा, इतरांचा विचार करा, कोर्सची काळजी घ्या. उखडलेला गवताचा तुकडा जागेवर ठेवा, बंकरची (वाळूच्या खड्ड्यांची) वाळू सारखी करा, ग्रीनवरचे खळगे बुजवा, असं त्यात नाव घेऊन सांगितलंय. यातलं काही केलं नाही म्हणून एरवी दंडाचा स्ट्रोक, म्हणजे जादा फटका, पडत नाही. स्पर्धा भरवणाऱ्या समितीनं आपली आचारसंहिता केली तर गोष्ट वेगळी. रोजच्या खेळात मात्र ते तुमच्यावर सोडलेलं आहे, आणि मला तेच फार आवडतं.

बंकरचं उदाहरण घ्या. तुमचा बॉल वाळूत दुसऱ्याच्या बुटाच्या ठशात जाऊन बसला तर नियम तुम्हाला काहीही सूट देत नाही. आहे तिथून, आहे तसा खेळा. म्हणजे माझ्या पुढे गेलेल्या माणसानं दांताळं फिरवलं नाही, तर त्याची शिक्षा मी भोगते. त्याला कधी कळतही नाही. गेल्या मे महिन्यात माझा बॉल अशा एका टाचेच्या खड्ड्यात होता आणि तीन फटक्यांनंतरही तो बाहेर आला नव्हता. तो ठसा कुणाचा होता ते मला आजही माहीत नाही, पण त्या माणसाचा राग अजून मनात आहे. म्हणून बंकरमध्ये मी खालच्या, सपाट बाजूनं उतरते आणि माझ्या पावलांबरोबर शेजारचे जुने ठसेही ओढून टाकते.

वेळेचंही तसंच. हरवलेला बॉल शोधायला २०१९ पूर्वी पाच मिनिटं मिळायची, आता तीनच मिळतात. एकदा तुमची पाळी आली आणि अडथळा नसला की साधारण चाळीस सेकंदांत फटका मारावा अशी शिफारस आहे. पण आमच्याकडे रविवारी काय चालतं? चार जणांचा फोर-बॉल. एक जण फोनवर, एक जण तिसऱ्यांदा प्रॅक्टिस स्विंग करतोय, दोघे झुडपात बॉल शोधतायत. मागच्या टीवर आठ माणसं आणि आठ कॅडी उन्हात उभे. पुढचा अख्खा होल (टीपासून ग्रीनपर्यंतचा पट्टा) रिकामा, तरी मागच्यांना "या, पुढे जा" असा हात करायचं यांच्या मनात येत नाही. हात करण्यात कमीपणा वाटतो की काय! वाट देणं ही या खेळातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात विसरलेली रीत आहे. एप्रिलमध्ये साडेदहानंतरचं पुण्याचं ऊन काय असतं ते बॅग उचलणाऱ्याला विचारा.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. अजूनपर्यंत घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

खेळायला लागून तीन वर्षं झाली असतील. बाराव्या टीवरून मी ड्रायव्हरनं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबनं, फटका मारला आणि बॉल उजवीकडे वळत वळत शेजारच्या फेअरवेकडे (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताकडे) निघाला. तिथे तीन बायका खुरपणी करत बसल्या होत्या, डोक्याला टॉवेल बांधून, आमच्याकडे पाठ करून. अशा वेळी "फोर!" असं जिवाच्या आकांतानं ओरडायचं असतं. ते मला पाठ होतं. पण तोंडातून आवाजच फुटला नाही. मामा ओरडले, "ओ मावशीऽऽ, डोकं सांभाळा!" तिघी जागच्या जागी खाली वाकल्या आणि हात डोक्यावर घेतले. बॉल एकीपासून दोन हातांवर पडला. मी पळत गेले. त्या मावशींनी तो बॉल उचलून पदरानं पुसला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या ताई, तुमचाय ना?" आवाजात राग नव्हता. जणू हे रोजचंच आहे. मला तेच सहन झालं नाही. गोल्फचा बॉल हातात घेऊन पाहिलाय कधी? जेमतेम ४५ ग्रॅमचा, पण दगडासारखा कडक. कपाळावर बसला असता तर?

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. माझा बॉल कुठवर जाऊ शकतो, सरळ नव्हे तर वाकडा, तिथपर्यंत कुणी काम करत असेल तर मी थांबते. मामा हाक मारतात, त्या बायका बाजूला होतात, हात करतात, मगच मी टीवर उभी राहते. अर्धं मिनिट जातं. स्कोअरकार्ड भरायला आलेला माणूस आणि पोट भरायला आलेला माणूस एकाच गवतावर असतील, तर थांबायचं कुणी यावर माझ्या मनात दुसरं मत नाही.

आणि कॅडींशी बोलण्याची पद्धत. पंचवीस वर्षांचा मेंबर साठ वर्षांच्या माणसाला "ए, सात नंबर दे" म्हणतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पट चुकला की "लाइन चुकीची सांगितलीस" म्हणून चारचौघांत झापायचं. एका स्पर्धेत माझ्या जोडीदारानं अगदी हेच केलं. मामांनी मान खाली घातली आणि झेंडा होलमध्ये परत लावला. मी तेव्हा काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. नंतर मामांची माफी मागितली तर ते म्हणाले, "जाऊ द्या ताई, चालायचंच." चालायचंच नाही ते.

ज्यांना कॅडी म्हणजे नुसता बॅग उचलणारा वाटतो त्यांनी आपल्या देशातल्या गोल्फचा इतिहास बघावा. इंडियन ओपन ही आपली मानाची स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फर अली शेर. १९९१ ची गोष्ट. दिल्लीच्या कोर्सवर ते कॅडी म्हणूनच आले होते. एस. एस. पी. चौरसियांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची देखभाल करायचे. मुलगा तिथेच कॅडी झाला आणि त्यानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये चौथी आली. त्या शनिवारी पहाटे माझ्या नात्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिलं आणि बर्डी म्हणजे काय हे विचारायला मला फोन केले. मी त्यांना आधी सांगितलं, तिच्या शेजारी बॅग घेऊन चालतायत ना, त्या तिच्या आई आहेत.

"श्रीमंतांचा खेळ" हे मला सतत ऐकावं लागतं. आपल्याकडे ते बरंचसं खरं आहे, मी वाद घालत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे हे दार उघडलं, नाहीतर मीही कुंपणाबाहेरच असते. पण खेळाच्या मुळाशी ते नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे. एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री-मुलं घेऊन फेअरवेवर फिरतात. जगातल्या सगळ्यात मानाच्या कोर्सची ही रीत. आपण मात्र एटिकेट्स म्हटलं की कॉलरचा, पँटमध्ये खोचलेला शर्ट एवढंच धरून बसतो. कॉलर मीही घालते, घालावी. पण खोचलेल्या शर्टानं कुठला खळगा बुजत नाही.

शेवटचं, मोजण्याबद्दल. गोल्फमध्ये आपल्यावर डोळा ठेवायला पंच नसतो. दोन वर्षांपूर्वी एका मंथली मेडलमध्ये, म्हणजे क्लबच्या महिन्याच्या स्पर्धेत, चौदाव्या होलला माझा बॉल रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) कडुनिंबाखाली होता. शेजारची वाळकी काडी उचलली आणि बॉल अर्धा वळसा घेऊन सरकला. मामा बॅगेपाशी, बाकीच्या तिघी फेअरवेच्या पलीकडे. कुणीही पाहिलं नव्हतं. नियम सरळ आहे, एक स्ट्रोक दंड आणि बॉल मूळ जागी. मी हाक मारून सांगितलं. त्या दिवशी मी बक्षिसाच्या जवळपासही नव्हते, तरी कार्डावर सहाऐवजी सात लिहून घेताना मन कचरलं, हे खरं सांगते. मग ज्यांच्यापुढे खरोखर काही होतं त्यांचं काय झालं असेल? इंग्लंडचा ब्रायन डेव्हिस २०१० मध्ये अमेरिकेत हार्बर टाउनला जिम फ्युरिकविरुद्ध प्लेऑफ (बरोबरी झाल्यावरचा निर्णायक खेळ) खेळत होता. पीजीए टूर या तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत त्याचं एकही विजेतेपद नव्हतं. बॉल हॅझार्डमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या अडथळ्याच्या भागात, गेला, आणि मागे नेताना त्याचा क्लब एका सुट्या काडीला किंचित लागला. त्यानं स्वतःच रेफरीला बोलावलं. दोन स्ट्रोकचा दंड झाला आणि स्पर्धा हातची गेली. २०१९ मध्ये तो नियमच बदलला, आज तेवढ्यासाठी दंड होत नाही. पण त्या दिवशी होता, आणि त्यानं तो घेतला.

आमच्याकडे काही मंडळी चांगले स्कोअर नोंदवतच नाहीत. आत्ताच्या पद्धतीत शेवटच्या वीस राउंडमधले सर्वांत चांगले आठ धरून हँडिकॅप काढतात. चांगले दडवले की हँडिकॅप फुगतो, आणि दिवाळीच्या स्पर्धेत नेट स्कोअरवर, म्हणजे हँडिकॅप वजा करून उरलेल्या स्कोअरवर, मिक्सर नाहीतर सूटकेस मिळते. अशी सूटकेस घरी न्यावीशी कशी वाटते, मला खरंच कळत नाही. ही चोरी आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

तर, आमच्या कोर्सवर खेळणारे जे कुणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी. तिसऱ्या फेअरवेवर पावसाळ्यात उखडलेल्या गवताच्या जागा अजून उघड्या आहेत, दीडशे यार्डाच्या खुणेपासून ग्रीनपर्यंत सगळीकडे. माळ्यांच्या मुकादमांशी बोलले आहे. ते वाळू आणि माती मिसळून देणार आहेत. येत्या रविवारी पहिला ग्रुप सुटायच्या आधी, पावणेसहाला, मी तिथे असेन. मामाही येणार आहेत. बादल्या तीन आहेत, घमेली दोन कमी पडतायत. कुणाच्या घरी असतील तर घेऊन या.